प्रत्येकाचा उशीर : वडील गेल्यानंतरचं एका नऊ वर्षांच्या मुलाचं वर्ष

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेतल्या सरांचा फोन आला. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे चौथीचा वर्ग भरून जेमतेम आठ दिवस झाले होते. "मॅडम, एक पोरगा आहे. सकाळी येतो अन् खिचडीच्या सुट्टीत निघून जातो. मारामारी नाही, रडणं नाही, तक्रारीला जागाच नाही. पण मला काही बरं वाटत नाही."

शिक्षकाला तक्रारीला जागा नसतानाही बरं वाटत नाही, असा फोन समुपदेशक म्हणून मला वर्षातून दोनदा आला तर खूप. बाकीचे फोन दंगेखोर मुलांसाठी येतात. म्हणून दुसऱ्याच दिवशी गेले.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कोरडवाहू, कापूस-तूर-सोयाबीनचं. गावाचं नाव लिहीत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मुलाला आजोबा बाल्या म्हणतात, तेच इथे वापरते. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक बाल्या असतो. त्याच्या पाच वर्षांच्या बहिणीला छकुली म्हणू. घरात आई आणि आजोबा, म्हणजे आबाजी. चार एकर जमीन आबाजींच्या नावावर. वडिलांनी माघ महिन्यात आत्महत्या केली. कशी, ते सांगणार नाही. अशा लिखाणात रीत सांगू नये हा नियम मी पाळते. लिहिण्यासाठी आईची परवानगी घेतली आहे. आबाजींनी एकच अट घातली: "पोराले बिचारं लिवू नका."

शायनं पोट्टं

आबाजी ओट्यावर दोरी वळत बसले होते. त्यांचं पहिलं वाक्य माझ्या वहीत तसंच आहे. "पोट्टं लय शायनं झालं जी. बाप गेल्यापासून एका दिवसानं हट नाही केली."

नऊ वर्षांच्या मुलानं पाच महिने हट्ट केला नाही, ही बातमी चांगली नाही. पण त्या घरात, त्या दिवसांत ती चांगलीच वाटत होती आणि मी लगेच तसं बोलून दाखवलं नाही. बाल्या पाणी भरायचा, बहिणीची वेणी घालायचा, बकरी बांधायचा. दुपारी शाळेतून निघायचा तो थेट आई ज्या शेतात निंदायला गेली असेल तिथे जायचा आणि धुऱ्यावर बसून राहायचा. गोट्या, क्रिकेट, विहिरीवरची टोळी सगळं बंद. आईनं दुसऱ्या भेटीत, आबाजी उठून गेल्यावर, आणखी दोन गोष्टी सांगितल्या. तो रात्री अंथरूण ओलं करतो आणि उजाडायच्या आत स्वतःच वाकळ धुऊन टाकतो. आणि रात्री दोन-तीनदा उठून तिच्या नाकासमोर हात धरून पाहतो.

"मी जागीच असतो मॅडम, पण झोपल्यावानी करतो. नाही त थो झोपत नाही." आमच्या वऱ्हाडात बाईसुद्धा 'मी असतो, मी करतो' म्हणते, म्हणून तसंच लिहिलं. दोघंही रात्रभर एकमेकांसाठी झोपेचं सोंग घेत होती.

मग शाळेतून पळून जाण्याचा अर्थ लागला. मुलगा शाळा बुडवत नव्हता, राखण करत होता. बाप घरात एकटा असताना गेला, आता मायला एकटं सोडायचं नाही, एवढं साधं त्याचं गणित.

इथे माझी चूक नोंदवते. पहिल्याच भेटीत, ओळख व्हावी म्हणून, मी त्याला म्हटलं, "किती मदत करतोस रे आईला! मोठा शहाणा आहेस." त्यानं आईकडे पाहिलं, रिकामी कळशी उचलली आणि नळावर गेला. घरात पाणी भरलेलं होतं. मी त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरवायला गेले आणि वर एक वीट ठेवून आले. पुढच्या भेटीत चित्र काढायला कागद आणि रंगखडू दिले. ते त्यानं नीट घडी घालून, कोरेच परत केले: "छकुलीले द्या. मले काम हाय."

तीन शब्द

मुलाचा स्वतःबद्दलचा भाव कुठे मोडला हे शोधताना मला तीन शब्द सापडले. तिन्ही मोठ्या माणसांनी वापरलेले, आणि दोन तर चांगल्या हेतूनं.

पहिला शब्द 'कर्ता'. तेरवीला मामानं टोपी-दुपट्टा घातला आणि मांडवात कोणीतरी म्हणालं, "आता तूच घरचा कर्ता बापा." हे वाक्य प्रत्येक तेरवीत म्हटलं जातं. मोठ्या मुलाला त्यातून मान मिळतो. नऊ वर्षांच्या मुलाला त्यातून नोकरी मिळते, आणि ती आपल्याला झेपत नाही हे त्याला रोज कळत राहतं. घरात तेल संपलं, छकुलीला ताप आला, आई रडली, की कर्ता नापास.

दुसरा शब्द एका दप्तरावर छापलेला होता. उन्हाळ्यात तालुक्याला कार्यक्रम झाला, 'आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यांना' दप्तर-वह्यांचं वाटप. मुलांना रांगेत उभं करून फोटो काढला, तो पेपरात आला. दप्तरावर देणाऱ्यांचं नाव आणि खाली ती ओळ. शाळेत दोन दिवसांत बाल्याला नाव पडलं: आत्महत्तेवाल्याचा. तो तेच फाटकं जुनं दप्तर वापरत राहिला, नवं माळ्यावर टाकलं. घरच्यांना तो हट्टीपणा वाटला. मला वाटलं, छापील ओळीची लाज. दोन्ही अंदाज अर्धेच होते, पण त्याकडे नंतर येते.

दान देणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण वहीवर देणाऱ्याचं नाव आणि मुलाचं दुःख छापल्याशिवाय वही देता येते. गावातला दुकानदार बारशाला झबलं देतो, त्यावर काही छापत नाही.

तिसरा शब्द सप्टेंबरात आला. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येनंतर वारसांना १ लाख रुपयांची मदत मिळते: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण जिल्हा समितीपुढे जातं आणि 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतं. जमीन स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, नापिकीमुळे थकलेलं हवं. इथे बँकेचं पीककर्ज जुनं-नवं केलेलं होतं, म्हणजे कागदावर थकलेलं दिसत नव्हतं, आणि खरा फास खाजगी देण्याचा होता, ज्याचा कागद नव्हता. चौकशीला आलेल्या माणसानं ओट्यावर, मुलांसमोर, "पीत होता का?" असं विचारलं होतं. निर्णय आला: अपात्र. आबाजी आणि शेजारी आठवडाभर तोच शब्द बोलत होते. बाल्यानं मला त्या महिन्यात आपणहून विचारलेला हा एकच प्रश्न:

"मॅडम, बा अपात्र झाला म्हणजे नापास झाला का?"

मी सांगितलं की कागद नापास झाला, बा नाही. कर्जाची कोणती पावती होती आणि कोणती नव्हती, ते वहीत रकाने पाडून दाखवलं. चौथीतल्या मुलाला हे कळतं. 'तू लहान आहेस, तुला काय करायचं' म्हटलं असतं, तर त्यानं उत्तर स्वतःच तयार केलं असतं.

जे मिळण्यासारखं होतं त्याच्या मागे लागलो. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असल्यानं मिळाले. आईला संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये. दोन्ही मुलांना बालसंगोपन योजनेत प्रत्येकी महिना २,२५०. या योजनेला आई-वडील दोघं नसावे लागतात, असा गैरसमज आमच्याकडे फार आहे. एक पालक गेला असेल तरी अर्ज करता येतो. पैशांचा हा परिच्छेद मानसिक आधाराच्या लेखात का, असं कोणी विचारेल. छकुलीचा ताप आणि तेलाची बाटली हे 'कर्त्या'च्या डोक्यावर होतं, म्हणून.

आधी आईची झोप

कामाला सुरुवात मुलापासून केली नाही. प्रेरणा प्रकल्पात, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी चालणाऱ्या समुपदेशन कार्यक्रमात, आशाताई घरोघरी जाऊन नैराश्याची विचारपूस करतात. आमच्या आशाताईंनी आईला तसंच विचारलं आणि तिनं पहिल्यांदाच कबूल केलं की तिलाही जगावंसं वाटत नाही. आईला सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेलो. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात ती खरोखर झोपायला लागली आणि बाल्याच्या रात्रीच्या फेऱ्या तीनवरून एकावर आल्या. माझ्या सहा भेटींनी जे झालं नव्हतं ते आईच्या झोपेनं झालं.

त्याच आठवड्यात फवारणीचं औषध घरातून हलवलं. शेजारच्या काकांच्या कुलपाच्या खोलीत डबा गेला, किल्ली त्यांच्याकडे, फवारणीही तेच करून देणार असं ठरलं. हे मी प्रत्येक अशा घरात करते. श्रीलंकेत सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आल्यावर आत्महत्यांचं प्रमाण खाली आलं, हे आता जगभर मानलं जातं. आमच्या घरात मात्र त्याचा एक वेगळाच फायदा झाला. डबा जाताना बाल्या दारात उभा राहून पाहत होता. काका वळेपर्यंत पाहिलं आणि मग, आबाजी सांगतात, आत जाऊन दुपारचा दोन तास झोपला.

बाल्याला मी स्पष्टच विचारलं होतं, "तुला कधी वाटतं का, आपणही मरून जावं?" असं विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो, ही भीती मोठ्या माणसांना असते, तसं होत नाही, उलट मुलाला कळतं की हे बोलता येतं. त्याचं उत्तर: "मी गेलो त मायले कोण पाहीन?" उत्तर 'नाही' होतं, पण कारण त्याचं स्वतःचं नव्हतं. त्याला बालमानसोपचाराकडे पाठवायचं का, हा प्रश्न माझ्यासमोर होताच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचं निदान किमान सहा महिन्यांनंतर करतात. आम्ही पाचव्या महिन्यात होतो. जेवण तुटलं, शाळा पूर्ण सुटली किंवा मरणाचं बोलणं निघालं तर लगेच घेऊन जायचं, असं आईशी आणि सरांशी ठरवून घेतलं. चाइल्डलाइनचा १०९८ आणि टेलि-मानसचा १४४१६ हे दोन आकडे आबाजींनी कोळशानं दाराच्या मागे लिहिले. अजून आहेत.

शाळेसाठी उपाय सरांनी काढला, माझा नाही. आईकडे साधा मोबाइल होता. खिचडीच्या सुट्टीत ती शेतातून सरांच्या फोनवर मिस्ड कॉल देणार, सर बाल्याला स्क्रीन दाखवणार. "माय हाय" एवढाच निरोप. पहिल्या दिवशी तो फोनला डोळा लावून बसला. पंधरा दिवसांनी कॉल एक दिवसाआड केला, मग सोमवारी आणि गुरुवारी. 'मी तुला सोडून जाणार नाही' या वचनावर त्याचा विश्वास बसला नसता. बापानंही सकाळी "येतो" म्हटलं असेलच. मिस्ड कॉल मोजता येत होता.

खरं सांगायचं ते कसं

मुलांना अजून कोणी काही सांगितलंच नव्हतं. छकुलीला "बाबा गावाले गेले" असं सांगितलं होतं आणि ती रोज संध्याकाळी साडेपाचच्या एसटीला फाट्यावर जाऊन उभी राहायची. बाल्याला सगळ्या गावाच्या कुजबुजीतून जे कळायचं ते कळलं होतं.

आई म्हणाली, "काय सांगू? कर्जापाई गेला, हे साऱ्या गावाले मालूम हाय." मी म्हटलं, कर्ज सांगू या, पण एकटं कर्ज नको. कर्ज अजून घरात आहे. कर्ज म्हणजे मरण असं मुलाच्या डोक्यात बसलं, तर बँकेचा माणूस दारात आला की त्याला माय मरताना दिसेल. 'देवाघरी गेले' नको, कारण मग देवानं का नेलं, कोणाच्या चुकीनं नेलं, हे मूल स्वतः भरतं. 'झोपले' तर अजिबात नको, जिथे झोपेवर आधीच पहारा आहे.

शब्द आईचेच ठेवले, तीनदा माझ्यासमोर म्हणून पाहिले, दोनदा ती मध्येच थांबली. शेवटी एका रविवारी चुलीजवळ, दोन्ही मुलांना घेऊन, तिनं सांगितलं:

"तुह्या बाच्या मनाले बिमारी झाली होती. आंगाले ताप येते तशी मनालेबी बिमारी होते. कर्जाचा घोर होता, नापिकी होती, पण घोर साऱ्यायले असते. त्या बिमारीत माणसाले रस्ता दिसत नाही. रस्ता असते, पण दिसत नाही. म्हणून त्यानं सोताचा जीव घेतला. तुमी काही केलं म्हणून नाही. मले तशी बिमारी झाली, मी दवाखान्यात गेली, गोया खाऊन राहिली. तुमच्यापासून लपवणार नाही."

बाल्या म्हणाला, "झालं? जाऊ?" आणि बकरी सोडायला गेला. आई घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. मुलं दुःख असंच घोट-घोट पितात, मध्ये उठून जातात. छकुलीनं मात्र विचारलं, "मग त्याची चप्पल इथंच राहून गेली?" पुढचे तीन आठवडे ती रोज तेच विचारत होती आणि आई रोज तेच उत्तर देत होती: मेलेलं माणूस येत नाही, एसटीनं बी नाही, चप्पल त्याले लागत नाही. पाच वर्षांच्या मुलीला मरण एकदा सांगून कळत नाही. चौथ्या आठवड्यात तिनं ती चप्पल पायात घालून अंगणभर फटफट चालून पाहिलं आणि एसटीला जाणं आपोआप थांबलं.

मोठा पोळा, तान्हा पोळा

'कर्ता' हा शब्द काढून घ्यायचा कसा, हे मला सुचत नव्हतं. समुपदेशक म्हणेल "तू अजून लहान आहेस", तर मुलाला तो अपमान वाटतो. मांडवात दिलेली गोष्ट मांडवातच परत घ्यावी लागते.

पोळ्याच्या आधी भावकीत बोलणं चाललं होतं की यंदा बैलजोडी बाल्या घेऊन जाईल, बापाच्या जागी. आबाजींच्या कानावर मी एवढंच घातलं होतं की पोरगा थकला आहे. बाकी त्यांचं. ऐन पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली, सगळ्या गावासमोर त्यांनी बाल्याच्या हातातून कासरा घेतला. "कर्ता मी हाव अजून. मेलो नाही. पोट्टं उद्या त्याचा बैल घेऊन येईन."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघर जाऊन बोजारा मागतात, म्हणजे खाऊ आणि पैसे. बाल्याचा बैल माळ्यावर होता, एक शिंग मोडलेलं. आबाजींनी नवं शिंग बसवलं, बाल्यानं बेगड लावली. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं मोठ्या पोळ्यात कासरा धरला म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला छोट्या पोळ्यात चाकाचा बैल ओढता आला. त्याला ६२ रुपये मिळाले. त्यातले पाच त्यानं छकुलीला दिले आणि उरलेल्यांच्या गोट्या घेतल्या, असं मला वाटलं होतं. गोट्या नव्हत्या घेतल्या. पैसे ठेवून दिले होते. खेळ मात्र अजूनही बंदच होता, आणि तो का बंद आहे हे मला माहीत नव्हतं.

शाळेत दुसरी एक गोष्ट घडली. बाप गेल्यापासून सरांनी त्याला गृहपाठ माफ केला होता, परीक्षेतही हात सैल ठेवला होता. मी म्हटलं, मागा. सर बिचकले. (आबाजींची अट मुलापुरती होती, सरांना बिचारे म्हणायला हरकत नाही.) सप्टेंबरात त्यांनी सतराचा पाढा न केल्याबद्दल चार मुलांना उभं केलं, त्यात बाल्या होता. सर सांगतात की उभ्या-उभ्या तो हसत होता. बाप गेल्यापासून पहिल्यांदा त्याला बाकीच्यांइतकंच रागावलं गेलं होतं. पुढच्या सोमवारी पाढा पाठ करून आला. सरांनी 'शहाणा बाळ' म्हटलं नाही, म्हणाले, "सतरा सत्ते कुठे अडला नाहीस, मागच्या वेळी तिथंच अडला होता." अशी दाद मुलाला खरी वाटते, कारण ती त्यानं केलेल्या कामाला चिकटलेली असते.

सीतादहीच्या दिवशी

दिवाळीनंतर कापूस फुटला. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात सीतादही करतात, दही-भाताचा नैवेद्य दाखवून वेचणीचा मुहूर्त. आईनं मला बोलावलं होतं. पूजा झाली, सगळ्यांनी ओटी बांधली, मीही बांधली. बाल्या माझ्या शेजारच्या तासात, म्हणजे ओळीत, होता. मला कापूस नीट वेचता येत नाही. बोटांना टरफलं टोचतात आणि अर्धा कापूस पऱ्हाटीलाच राहतो. तो माझ्या मागून राहिलेला कापूस काढत येत होता आणि, बहुधा मी एवढी अडाणी दिसत होते म्हणून, बोलू लागला. तोंड समोरासमोर नव्हतं, हात कामात होते. माझ्या खोलीत, खुर्चीवर बसून, हे कधीच आलं नसतं.

त्या दिवशी बापानं त्याला वीस रुपये देऊन पानठेल्यावर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी, आणायला पाठवलं होतं. येताना वाटेत पोरं गोट्या खेळत होती. "दोन डाव खेयलो. तिसऱ्यात जितून राहिलो होतो. घरी आलो त मानसं जमा झाल्ती. मी पयलेच आलो असतो त..."

पुडी त्याच्या मुठीतच राहिली होती. नंतर ती त्यानं दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवली. नऊ महिने तिथेच होती. नव्या दप्तराचा विषय तिथे संपला.

तोंडावर आलेलं "तुझी काही चूक नाही रे" मी गिळलं. ते खरं आहे, पण इतक्या लवकर म्हटलं की मुलाला ऐकू येतं: हा विषय बंद. मी विचारलं, हे आईला सांगू या का? बराच वेळ तो वेचत राहिला. तासाच्या टोकाला जाऊन "तुमी रायसान त" म्हणाला. तुम्ही राहाल तर.

संध्याकाळी ओट्यावर बसलो. त्यानं सांगितलं. आई रडली आणि मग जे झालं ते माझ्या कोणत्याही प्रशिक्षणात नव्हतं. ती म्हणाली, "मले त्या दिवशी सकायीच वाटलं होतं, आज कामाले नाही जावं. पण दोनशे रुपये रोज होता. मी गेली." आबाजी म्हणाले, "थो मले रात्री म्हणे, बा, जरा बसतं का. मी म्हटलं, उद्या बसू, कंबर दुखते." शेजारचे काका, ज्यांच्याकडे औषधाचा डबा होता, तेही येऊन टेकले होते. त्यांनी सांगितलं की आदल्या दिवशी त्यानं त्यांच्याकडे पाच हजार मागितले होते, होते तरी नाही म्हटलं.

प्रत्येकाजवळ एक उशीर होता. बाल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. नऊ महिने त्याला वाटत होतं की अख्ख्या घरात गुन्हेगार तो एकटा आहे.

मग आम्ही अंगणात खडे मांडले: घर, पानठेला, पोरं खेळत होती ती जागा. किती पावलं, किती वेळ. आबाजींनी सांगितलं की माणसं कधी जमली, दवाखान्याची गाडी कधी आली. बाल्या स्वतः हिशेब करत होता. धावत आला असता तरी काय झालं असतं, हे मी बोलले नाही. खडे त्यानंच मांडले होते. शेवटी त्यानं आईला विचारलं, "त्यानं मले मुद्दाम धाडलं का?" आईनं सांगितलं, "हो. तू पाहू नये म्हणून धाडलं असन." मला वाटतं ती बरोबर होती, आणि मला वाटतं मी एवढं धाडस केलं नसतं.

त्या रात्री अंथरूण ओलं झालं. पुढच्या आठवड्यात दोनदा. मग डिसेंबरात एकदाही नाही.

पुढचे महिने

सगळं सरळ झालं नाही. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात तो पुन्हा खिचडीच्या सुट्टीत पळाला. मार्चमध्ये वसुलीचा माणूस दारात आला तेव्हा बाल्या आईच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिला आणि चार रात्री पहारा परत सुरू झाला. मिस्ड कॉल पुन्हा रोजचा केला. त्याच महिन्यात त्यानं एका मुलाला मारलंही. कारण तेच जुनं नाव. सरांनी मला फोन केला, आवाजात काळजी होती. मला त्या फोननं बरंच वाटलं, कारण आता तक्रारीला जागा होती. मारल्याची शिक्षा त्याला झाली आणि ते नाव घेणाऱ्यालाही झाली.

आईनं यंदा टिकली लावली. विधवा प्रथा बंदीचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये केला, त्याची बातमी आशाताईंनी बचतगटात वाचून दाखवली होती. आमच्या गावानं ठराव केलेला नाही. पण संक्रांतीला शेजारच्या दोघींनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं आणि ती गेली. बाल्या दारात थांबून आत डोकावत होता. आईला वाण मिळालेली प्लास्टिकची डबी आता त्याच्या गोट्यांसाठी आहे. तान्ह्या पोळ्याच्या पैशांतून त्यानं गोट्या घेतल्या, सहा महिन्यांनी.

आता तो पाचवीत आहे, शेजारच्या गावी एसटीनं जातो. नव्या शाळेच्या शिक्षकांना आईनं स्वतः जाऊन थोडक्यात सांगितलं, एवढंच की वडील नाहीत आणि सवलत नको. मी दोन महिन्यांतून एकदा जाते. बारा-तेराव्या वर्षी हे सगळं पुन्हा वर येईल, बहुधा रागाच्या रूपात, बापावरच्या रागाच्या. तेव्हा त्याला मरण नव्यानं कळेल आणि 'मुद्दाम धाडलं' या वाक्याचा अर्थही वेगळा लागेल. आईला आणि आबाजींना मी हे आत्ताच सांगून ठेवलं आहे.

जुनं दप्तर फाटून गेलं. नव्यावरची छापील ओळ आबाजींनी पोत्याच्या दाभणानं कापडाचं ठिगळ लावून झाकली. पुडी आईला फेकायची होती, मी म्हटलं त्याची आहे, त्याला ठरवू द्या. ती आता कुठे आहे हे घरात कोणालाच माहीत नाही. पुढच्या भेटीतही मी विचारणार नाही.